गार घोट

काकूंच्या दुकानात कॉफी प्यायची तर आधी जिभेची तयारी हवी, असं गल्लीतले लोक म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं. कप टेबलावर आला की त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. कान धरायला जावं तर कानही तापलेला, कारण काकू कपसुद्धा गरम पाण्यातून काढून पुसायच्या. समोरच्या इमारतीतला दातांचा डॉक्टर रोज अकराच्या सुमाराला यायचा, गाल फुगवून फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "काकू, दाताचं मी बघतो हो, पण जीभ भाजली तर कुणाकडे जायचं?"

"फुंका, फुंका," काकू म्हणायच्या. "तेवढाच व्यायाम. एरवी दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बसता."

त्यांचं नावच पडलं होतं, उकळत्या काकू. ते त्यांच्या कानावरही होतं. दुसरी एखादी चिडली असती, आणि काकू तर चिडण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. पण या नावाचं त्यांना बरं वाटायचं. लोकांनी सगळं स्वभावावर ढकललं होतं ना! बाई तापट, म्हणून कॉफी तापट. कुणी त्याच्या पलीकडे जाऊन का म्हणून विचारत नव्हतं, आणि कुणी विचारू नये एवढीच काकूंची दोन वर्षांची धडपड होती.

कारण मागच्या खोलीत होतं. तिथे काकांची भट्टी होती.

दुकानाच्या मागे दोन पायऱ्या उतरलं की ती खोली. उंचावर एकच खिडकी. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यातून ऊन तिरकं आत यायचं आणि धुरात अडकून राहायचं, जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. मधोमध लोखंडी पिंप, खाली जाळ, पिंप आडवं फिरत राहणार आणि आत कॉफीच्या हिरवट बिया सळसळत वरखाली होणार. त्या घरघरीची अशी काही गुंगी यायची की उभ्या माणसाच्या पापण्या जड व्हाव्यात. आधी ओल्या गवताचा वास, मग भाजलेल्या पावाचा, मग असा एक वास की ज्याला नाव नाही, पण तो आला की लहानपणीची कुठलीतरी दुपार आठवायची. काकूंना प्रत्येक वेळी वेगळी दुपार आठवायची. एकदा तर जी कधी झालीच नव्हती अशीही आठवली होती.

काका भाजायचे ते कानांनी. पिंपाला काच होती, पण ती काजळीनं कधीच आंधळी झाली होती. उष्णता दाखवणारा काटा लेकीनं एकदा आणून दिला होता, तो खिळ्याला टांगून ठेवला होता, शोभेला. "काट्याला काय कळतंय?" म्हणायचे. एक हात दांड्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकत राहायचं. बिया दोनदा बोलतात. पहिल्यांदा जाड आवाज येतो, लाकूड तडकल्यासारखा, तो कुणालाही ऐकू येईल. मग मिनिट दोन मिनिटं सगळं गप्प. आणि मग दुसरा आवाज, अगदी बारीक, चटचट, सुकी पानं मुठीत चुरडावीत तसा. त्याचे पहिले चार-पाच चट झाले की दांडा ओढायचा, झडप उघडायची आणि बिया जाळीवर सांडू द्यायच्या. तिथे काकू लाकडी फावडं घेऊन उभ्याच. भराभर हलवून गार करायच्या. अर्धं मिनिट इकडे झालं तर बी आंबट, तिकडे झालं तर तेल सुटून करपट.

म्हणून त्या खोलीत एक नियम होता. पिंप फिरतंय तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनी "अहो, जेवायला काय करू?" असं विचारलं होतं आणि अख्खा घाणा जळाला होता. त्या दिवसापासून एकेचाळीस वर्षं, दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या आजोबांपर्यंत सुनावू शकणारी ही बाई, दोन पायऱ्या उतरली की मुकी व्हायची. हे गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

दुसरा नियम घोटांचा. प्रत्येक घाण्याची कॉफी तीनदा चाखायची. एक घोट गरम, एक कोमट, एक पार गार. "गरम कॉफी सगळ्यांशी गोड वागते," काका सांगायचे. "चटका बसलेल्या जिभेला काय कळणार? गार होऊ द्या. मग ती आपले गुण उधळते." दुकान उघडलं त्या दिवशी जमलेल्या लोकांसमोर, तरुण रक्ताच्या भरात, त्यांनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं होतं, "ज्या दिवशी माझ्या हातचा गार घोट करपट लागेल, त्या दिवशी भट्टी विझवीन. पुन्हा पेटवणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. काका शब्दाचे पक्के होते, हेच तर दुखणं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका पेंगुळलेल्या दुपारी काकूंना खिडकीत, कुंडीच्या मागे, कुणीतरी विसरलेला कप सापडला. अर्धा भरलेला, गारढोण. टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून प्यायल्या. आणि तिथेच खाली बसल्या. तोंडभर राख. चुलीत बोट घालून चाटावं तशी.

मग एकेक आठवायला लागलं. दुकानाच्या दाराला बारीक घंटी होती, ती वाजली तरी काका हल्ली वर बघत नव्हते. खिडकीत चिमण्या कलकलाट करायच्या आणि काका म्हणायचे, यंदा चिमण्या गेल्या कुठे? माणसांचं बोलणं सगळं ऐकू यायचं त्यांना, नको तेवढं ऐकू यायचं. गेलं होतं ते फक्त बारीक बारीक. पहिला आवाज शाबूत होता. दुसरा गेला होता. काका डोळे मिटून त्याची वाट बघत राहायचे, आणि सगळ्या बिया एकदम कडाडायला लागल्या की तेव्हा कुठे दांडा ओढायचे. तोवर व्हायचं ते होऊन जायचं.

काकू त्या रात्री खूप रडल्या, उशीत तोंड खुपसून. शेजारच्या शिंप्याची गोष्ट डोळ्यांसमोर होती. डोळे अधू झाले म्हणून त्यानं मशीन बंद केलं. पहिला महिना दारात खुर्ची टाकून बसला. दुसऱ्या महिन्यात खुर्ची रिकामी झाली. आपला माणूस भट्टीशिवाय खुर्चीत बसलेला काकूंना नुसता डोळ्यांपुढेही आणवेना.

दुसऱ्या दिवसापासून कॉफी उकळायला लागली. आधण खळाखळा, कप तापलेले, दूध वर येईपर्यंत आणि मागं "चला, प्या, प्या, गार होतंय!" असा तगादा. कुणी कप ठेवून पेपर उघडला की काकू फडकं घेऊन हजर. कोमट व्हायच्या आत कप रिकामा तरी झाला पाहिजे नाहीतर उचलला तरी गेला पाहिजे. जाळीवर पडलेल्या बिया तेलानं चकाकायच्या, म्हणून काका वळायच्या आत त्या जाळीवर ओलं फडकं अंथरायच्या. आणि देवाची कृपा म्हणायची, काकांनी त्याच सुमाराला आपला संध्याकाळचा गार घोट सोडला. "घसा धरतो गं हल्ली. गरमच दे." काकूंनी मनातल्या मनात सुटकेचा केवढा मोठा श्वास टाकला होता.

असं दोन वर्षं चाललं. चाललं असतंही. पण लेक आली.

लेक लांबच्या शहरात कॉफीच्या मोठ्या कंपनीत होती. चव सांगायची नोकरी. ओळीनं वीस कप मांडायचे, चमच्यानं सुर्रकन ओढायचं आणि थुंकायचं. "प्यायचं आणि थुंकायचं, त्याचा पगार!" काकू सगळ्यांना सांगायच्या, आणि सांगताना मान ताठ व्हायची. चार दिवसांची सुट्टी काढून आली होती. आल्या आल्या काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेवटच्या दिवशी तुझ्यासाठी घाणा काढतो. तू तीन घोट घ्यायचे, लहानपणी घ्यायचीस तसे. आणि मला सांगायचं."

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. तो वाजला, तरी काकांनी तिकडे बघितलं नाही. लेकीनं मात्र बघितलं.

पहिल्या दिवशी काकूंनी लेकीपुढे उकळता कप ठेवला. लेकीनं तो बाजूला सरकवला आणि गप्पा मारायला लागली. काकू दोन मिनिटं कळ काढून बसल्या, मग कप उचलून स्वतःच घटाघट प्यायल्या. टाळू सोलून निघाला.

"आई! माझी होती ती."

"दुसरी देते की. गार कशाला पितेस, पोट बिघडतं."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या कोपराचा धक्का लागून कप टेबलावर लवंडला. "अगं बाई, बघ माझं लक्ष!" लेकीनं फडकं आणून टेबल पुसलं, आणि पुसता पुसता बोट नाकाशी नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान झोपल्यासारखं झालं होतं. काका आत पडले होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. टेबलांवर ऊन हळूहळू सरकत होतं. काकूंना बसल्या बसल्या डुलकी लागली आणि त्या भट्टीच्या खोलीत गेल्या, स्वप्नात. तिथे धूर होता, पण पिंप फिरत नव्हतं. काका दांड्यावर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते, केस काळेभोर, लग्नात होते तसे. काहीतरी म्हणायचं होतं काकूंना. तोंड उघडलं तर तोंडातून बियाच सांडल्या.

दचकून जाग आली. लेक समोर नव्हती. जिना चढून गच्चीवर गेल्या तर ती कठड्याला टेकून बसली होती, हातात कप. वाफेचा मागमूस नाही. काकूंना कळलं की उशीर झाला.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

काकूंनी आधी कांगावा करून बघितला. "काय कधीपासून? कॉफी आवडली नाही तर सांग सरळ. तुमच्या कंपनीतल्यासारखी नसेल आमची!"

"आई."

त्या एका शब्दानं काकू ढेपाळल्या. कठड्याशी बसल्या आणि सगळं सांगितलं. कुंडीमागचा कप, घंटी, चिमण्या, ओलं फडकं. शिंप्याची खुर्चीसुद्धा. लेक ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं, पण ती कप हातातून सोडत नव्हती.

"उद्या विचारतील मला," ती म्हणाली. "मी काय सांगू?"

"छान आहे म्हण. आणखी काय?"

"आणि माझं तोंड बघून त्यांना कळणार नाही? चवीबद्दल खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलंय ना मला? सहा वर्षांची होते, आठवतं? छान म्हटलं म्हणून रागावले होते."

"मग जाऊन सांग त्यांना! विझवा म्हणावं भट्टी!" काकू उसळल्या. "तुझ्या जिभेचं खरं होऊ दे, माणूस गेला तरी चालेल."

हे बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. समोरच्या गच्चीवर कुणाचीतरी चादर वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती. मग लेकीनं सहज विचारावं तसं विचारलं, "तुला ऐकू येतो का गं दुसरा आवाज?"

"मला काय झालंय? माझे कान ठणठणीत आहेत. एकेचाळीस वर्षं तिथं उभी आहे, रोज ऐकते."

"रोज ऐकतेस. तो आला की तुला कळतं."

"कळतं म्हणजे? जीव कासावीस होतो नुसता. आता ओढतील, मग ओढतील..."

"मग बोलत का नाहीस?"

दोन वर्षं आधणं उकळली, टाळू सोलला, फडकी ओली केली, ज्याला त्याला हाड् हाड् केलं, आणि तीन हातांवर उभ्या असलेल्या नवऱ्याला एक शब्द सांगायचं कधी मनातच आलं नव्हतं. तिथे बोलायचं नसतं. एवढंच. पाण्यात श्वास घ्यायचा नसतो, तसं.

"नियम आहे," त्या शेवटी पुटपुटल्या. "आणि बोलले तर त्यांना कळेल ना, की मला माहीत आहे."

लेकीनं कपातला उरलेला घोट घेतला, तोंड वाकडं न करता, आणि खाली गेली.

चौथ्या दिवशी सकाळी काकांनी स्वच्छ सदरा घातला. लेकीचं कौतुक सगळं. खिडकीतून ऊन आलं, धुरात अडकलं. काकांनी बिया पिंपात ओतल्या, झडप लावली, दांड्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. काकू फावडं घेऊन जाळीशी. लेक पायरीवर, गुडघ्यांना मिठी मारून, लहानपणी बसायची त्याच जागी.

घरघर सुरू झाली. ओल्या गवताचा वास आला आणि गेला. पावाचा आला. काकूंना वाटलं, आपण तिघंही या पिंपातच आहोत आणि कुणीतरी आपल्याला हळूहळू फिरवतंय. किती वेळ झाला ते कळेनासं झालं. पहिला आवाज झाला, तड, तड तड, मग नुसती झड. काकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तो त्यांना ऐकू यायचा. मग झड ओसरली आणि सगळं गप्प झालं.

काकूंनी लेकीकडे बघितलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. पापण्या किंचित थरथरत होत्या. दोन वर्षांत आपण यांच्या चेहऱ्याकडे असं बघितलंच नाही, नुसतं जाळीकडे बघत राहिलो, असं त्यांच्या मनात आलं. आणि तेवढ्यात, चट.

चट. चट चट.

"अहो," काकू म्हणाल्या.

आवाज निघाला तो ओठांच्याही बाहेर पडला नाही. पिंपाच्या घरघरीत बुडून गेला. काका तसेच उभे होते. चटचट, चटचट, वाढत चाललं. एकेचाळीस वर्षं छातीवर बसल्यासारखी झाली होती. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दातांच्या डॉक्टरला रस्त्यापलीकडून हाक मारावी तशी हाक मारली.

"अहो! काढा!"

दांडा खाडकन ओढला गेला. इतका चटकन, की जणू हात त्याच एका शब्दासाठी तिथे ठेवलेला होता. बिया धबाधबा जाळीवर आल्या, धुराचा लोट उठला आणि काकू फावडं मारायला लागल्या, वेड्यासारख्या, डोळ्यांतून धारा. धुरानं असेल. फडकं कुठे ठेवलंय ते त्यांना आठवलंच नाही. बियांचा रंग तिरक्या उन्हात लालसर तपकिरी दिसत होता. तेल सुटलेलं नव्हतं.

काकांनी पिंप थांबवलं. एकदम शांत झालं. ते स्टुलावर बसले, सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं.

"दोन वर्षं लावलीस," ते म्हणाले.

काकूंचं फावडं थांबलं. "काय?"

"तोंड उघडायला. एरवी घटकाभर बंद नसतं."

"तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं?"

"कान गेलेत, डोळे आहेत की. बिया काळ्या पडलेल्या मला दिसत नाहीत? तू त्यांच्यावर फडकं टाकतेस, ते तरी दिसतं का नाही?"

"मग गार घोट सोडलात तो..."

"घशाला काय धाड भरलीय! घेतला असता तर भट्टी विझवावी लागली असती. लोकांसमोर बोलून बसलो होतो ना." काका खाली बघून हसले. "आणि तू कॉफी अशी उकळायला लागलीस की कुणाला पत्ताच लागेना. म्हटलं, चाललंय ते बरं आहे."

काकूंना राग आला, चांगला सणसणीत. दोन वर्षं सोललेला टाळू आठवला. "अहो, मग मला विचारायचं नाही? ऐकू येत नाही, तू सांगत जा, एवढं म्हणायला काय तोंडाला कुलूप होतं?"

बियांतून अजून धूर निघत होता, पातळ, आणि तो तिघांच्या मधून खिडकीकडे चालला होता.

"नियम माझाच होता," ते म्हणाले. "मी विचारलं असतं तर बहिरा ठरलो असतो. तू आपणहून बोलली असतीस तर काय, बायको बोलली. बायका बोलतातच." मग दांड्याकडे बघत ते म्हणाले, "रोज वाटायचं, आज बोलेल. डोळे मिटून उभा राहायचो ना, ते त्या बियांना ऐकायला नव्हे गं. त्या तर कधीच गेल्या. तू बोलतेस का, ते ऐकत उभा असायचो."

काकू फावडं घेऊन त्या गार झालेल्या बिया पुन्हा पुन्हा हलवत राहिल्या. लेक पायरीवरून उठली आणि कॉफी गाळायला म्हणून वर गेली, पण बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

अकराला दातांचा डॉक्टर आला. कप पुढे आल्याबरोबर त्यानं सवयीनं गाल फुगवून फुंकर घातली, तोंडाला लावला आणि चपापला. "काकू, गॅस संपला का?"

"गप प्या," काकू म्हणाल्या. "आणि बसा निवांत. कुणी घाई केलीय?"

डॉक्टरनं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग तो कधी नव्हे ते पेपर उघडून बसला.

खिडकीजवळच्या टेबलावर तिघं बसले होते, मध्ये एकच कप. गरम घोट लेकीनं घेतला. कोमट तिनंच घेतला आणि वडिलांकडे बघून नुसती मान डोलावली. मग ते थांबले. कॉफी गार व्हायला किती वेळ लागतो हे काकू विसरूनच गेल्या होत्या. ऊन टेबलाच्या या कडेवरून त्या कडेला गेलं. खिडकीत दोन चिमण्या आल्या, भांडल्या, उडून गेल्या. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आहेत की गं चिमण्या," आणि लेकीनं त्यांच्या दंडावर डोकं टेकवलं.

काकांनी कपाकडे हात नेला. त्याच क्षणी काकूंचा पंजा कपावर पडला, झाकणासारखा. दोन वर्षांची सवय ती. त्यांचं त्यांनाच कळलं नाही. काकांनी एकेक बोट उचलून तो बाजूला केला आणि तिथेच आपल्या हातात धरून ठेवला. दुसऱ्या हातानं कप उचलला. घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले.

"कडू आहे?" काकूंना धीर निघेना. "करपलीय का? अहो, बोला की."

"कडू नाही." काकांनी डोळे उघडले. "जरा उशीर झालाय. आधी एकदा हळू बोललीस ना?"

काकू बघतच राहिल्या. "ऐकू आलं होतं तुम्हाला?"

"छे. चवीत आहे." त्यांनी कप काकूंच्या पुढे सरकवला. शेवटचा गार घोट शिल्लक होता. "उद्या पहिलीच हाक मोठ्यानं मार."